ढगाळ उजेड

तीन दिवस झाले, एक काळजी माझ्या मानगुटीवर बसली आहे आणि उतरायचं नाव घेत नाही. काळजी अशी की माझी मुलगी माझं ऐकते आहे.

एरवी आयांची तक्रार उलटी असते. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून मी पंचवीस वर्षं ती ऐकली आहे. खोकल्याची बाटली पिशवीत टाकता टाकता प्रत्येक बाई म्हणते, "सांगून सांगून जीभ झिजली हो, ऐकेल तर शपथ." माझ्या मुलीने मात्र ऐकलं. एकतिसाव्या वर्षी, मनासारखं काम आपल्या पायांनी दारात आलेलं असताना, ती सोमवारी फोनवर म्हणाली, "नाही जात मी. तिथली थंडी माझ्या छातीला झेपायची नाही. तूच सांगत आलीस ना लहानपणापासून? गुरुवारी सकाळी दहापर्यंत कळवायचंय, तेव्हा नाही म्हणून कळवते."

आता बुधवारची रात्र सरत आली आहे. आणि थंडीने तिच्या छातीला कधी काही झालंच नव्हतं, हे जगात फक्त मला ठाऊक आहे, असं मी आज संध्याकाळी जेवायला बसेपर्यंत समजत होते.

झोप येत नाही म्हणून तिच्याबद्दल लिहायला बसले. पहिल्यापासून लिहीत गेलं की कुठेतरी काय बोलायचं ते सापडेल.

आमचं घर म्हणजे एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या आणि मागे गॅलरी. पुढची खोली रस्त्यावरची. मागची गॅलरी दक्षिणेकडची, तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन हटत नाही. ते ऊन बघूनच मी हे घर पसंत केलं होतं. मी उन्हाची माणूस आहे. कपडे, उशा, ओले बूट, शाई फुटलेल्या वह्या, सगळ्याला माझं एकच औषध: उन्हात टाका. रुसवाफुगवा झाला तरी मी खुर्ची घेऊन गॅलरीत जाऊन बसते आणि तासाभरात वाळून कोरडी होऊन परत येते. आमचे हे म्हणतात, "एक दिवस ही मलाही चिमटे लावून दोरीवर टांगणार."

अशा घरात ही मुलगी जन्माला आली. रांगायला लागली तेव्हाच लक्षात आलं की गॅलरीत उन्हाचा चौकोन पडला की ती त्याला वळसा घालून जाते. दोन-अडीच वर्षांची झाल्यावर उन्हाच्या दिवशी टेबलाखाली बसायची, आणि आभाळ भरून आलं की गोगलगायीसारखी हळूच बाहेर. गॅलरीच्या गजांना दोन्ही हातांनी धरून वर बघत उभी राहायची. तोंड किंचित उघडं. समोरच्या पत्र्यावरची कबुतरं आणि आभाळ एका रंगाचं झालेलं असायचं, आणि एखादं कबूतर उडालं की तिला वाटायचं ढगाचाच तुकडा सुटला. ती हसायची. त्यावरून ह्यांनी तिचं नाव ठेवलं ढगू. ढगू ती आजतागायत ढगूच राहिली आहे.

"ऊन का नाही गं आवडत तुला?" मी एकदा विचारलं. चार वर्षांची होती.

"ऊन ओरडतं," ती म्हणाली.

त्याच वर्षी ह्यांची कारखान्यातली नोकरी सुटली आणि ह्यांनी पुढच्या खोलीत गाद्या-उशा भरायचं काम सुरू केलं. हे काम त्यांच्या हातात होतंच, त्यांच्या मामांकडे शिकलेलं. महिनाभर खिडकीत तोंड घालून बसलेला माणूस पुन्हा गुणगुणायला लागला. कापूस पिंजायचे, खोळीत भरायचे, दाभणाने टाके घालायचे. भुवयांवर, मिशीवर, पायांच्या केसांवर कापूस. ढगू दारात बसून बघायची आणि म्हणायची, "बाबा ढग भरतायत." एका मोठ्या वसतिगृहाने चाळीस गाद्या सांगितल्या तेव्हा ह्यांनी मला हात धरून पुढच्या खोलीत नेलं आणि कापसाचा ढीग दाखवला, जणू काही आम्ही डोंगर विकत घेतला होता.

त्याच आठवड्यात ढगूची छाती भरली. श्वासाला शिटी वाजायला लागली. बाहेर थंडी होती, आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. मी तिला शालीत गुंडाळून डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे, अर्ध्या चष्म्याचे डॉक्टर. त्यांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं, घरात काय काय चालतं ते विचारलं, आणि कागदावर लिहून दिलं. औषधाखाली दोन ओळी: कापसाच्या धुळीचा त्रास. मुलीला त्या खोलीपासून लांब ठेवावे.

"थंडीने नाही ना?" मी विचारलं.

"थंडीचं नाव पुढे करू नका," ते म्हणाले. "थंडीने बिचारीने काही केलेलं नाही. पोरीला कापसापासून दूर ठेवा, आणि थोडी मोठी झाली की एकदा नीट तपासून घ्या."

घराचा जिना चढताना मी ठरवलेलं काहीच नव्हतं. दार उघडलं तर हे समोरच, तोंडात दोरा, हातात दाभण, नजर ढगूवर.

"काय म्हणाले डॉक्टर?"

मी त्यांच्या भुवयांकडे बघितलं. पांढऱ्या झाल्या होत्या. खरं सांगितलं असतं तर त्यांनी त्याच क्षणी सगळा कापूस पोत्यात कोंबला असता आणि पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसले असते. ते खिडकीपाशी बसणं मला आठवलं.

"थंडी," मी म्हटलं. "थंडी बाधते तिला. उन्हात ठेवा म्हणाले."

बस, एवढंच. डॉक्टरांचा कागद मी माझ्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ठेवला. ढगूचं अंथरूण मागे गॅलरीलगत हलवलं, पुढच्या खोलीचं दार दिवसभर लावून घ्यायला लागले. पंधरा दिवसांत शिटी थांबली. कापूस लांब गेला म्हणून थांबली, पण श्रेय सगळं उन्हाला मिळालं. शेजारणी म्हणाल्या, बघा, उन्हासारखं टॉनिक नाही. आणि खोटं सांगते असं मला तरी कुठे वाटत राहिलं? दोन-तीन वर्षांत मलाही ते खरंच वाटायला लागलं.

मग नियम आले. आभाळ आलं की कानटोपी. वारा सुटला की मफलर. ढगाळ दिवशी शाळा सुटल्यावर सरळ घरी, मैदानावर नाही. म्हणजे तिच्या आवडीचा दिवस उजाडला की मी दार लावायची, आणि नको असलेला उजाडला की तिला त्यात नेऊन बसवायची. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती फक्त खिडकीतून एक हात बाहेर काढून ठेवायची. हात थंड झाला की आत घेऊन गालाला लावायची.

आठवीत असताना शाळेत निबंध होता, माझा आवडता ऋतू. तिने लिहिलं होतं, आभाळ झाकलेलं असतं तो माझा ऋतू. त्या दिवशी कुणाचीच सावली पडत नाही, म्हणून कुणी कुणाच्या पायाखाली येत नाही. लांबचं झाड आणि जवळचं झाड सारख्याच आवाजात बोलतात. बाईंनी दहापैकी सहा गुण दिले आणि खाली लाल शाईत शेरा मारला: हा ऋतू नव्हे.

"बाईंचं बरोबर आहे," ती जेवताना म्हणाली. "ऋतू नाहीच तो. तो उजेड आहे."

आम्ही दोघं हसलो. पोरगी काहीतरी बोलते म्हणून हसलो. पण तिला स्वतःबद्दल जे कळायचं होतं ते त्या दिवशी कळलं होतं, असं मला आता वाटतं.

शास्त्राची पदवी घेतल्यावर ती दोन तासांवरच्या गावात एका रंगघरात मुलाखतीला गेली. रंगघर म्हणजे कापडाला रंग देणारा कारखाना. तिथे छटा जुळवणारं माणूस लागतं: गिऱ्हाइकाने दिलेला नमुना आणि रंगवलेला तुकडा शेजारी शेजारी ठेवायचे, आणि जुळले की नाही ते सांगायचं. त्याने हो म्हटलं की मगच पुढचे शेकडो मीटर रंगात पडतात. तिथले रंगमास्तर साठीचे. अंगठ्याची नखं कायमची निळी. त्यांनी करड्या रंगाचे बारा तुकडे टेबलावर टाकले आणि म्हणाले, फिकटापासून गडदापर्यंत लाव. भर दुपार होती. हिने तुकडे बघितले, खिडकीपाशी गेली, वर बघितलं, परत येऊन हाताची घडी घालून बसली.

"काय गं, जमत नाही?"

"ढगाची वाट बघतेय."

मास्तरांनी चहा मागवला. अर्ध्या तासाने ढग आला. तिने दोन मिनिटांत तुकडे लावले. त्यातले दोन तिने एकावर एक ठेवले.

"हे दोन असे का?"

"एकच आहेत. तुम्ही मला फसवायला बघत होतात."

"सोमवारपासून ये," मास्तर म्हणाले.

ही गोष्ट मला तिने नाही, मास्तरांनी सांगितली. ती अशा गोष्टी सांगत नाही. मास्तरांनी मला हेही सांगितलं की खरा रंग बघायचा तर उत्तरेची खिडकी लागते, कारण तिच्यातून ऊन कधी आत घुसत नाही, आणि दिवस ढगाळ असला तर सोन्याहून पिवळं. दिव्यांची एक पेटी असते त्यांच्याकडे, पावसापाण्याला, रात्रपाळीला. "पण पेटी साक्षीदार," मास्तर म्हणाले, "न्यायाधीश खिडकी." त्या खोलीच्या भिंती करड्या, टेबल करडं, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवरचा करडा कोट अंगावर चढवायचा. मला वाटलं, कपडे खराब होऊ नयेत म्हणून असेल.

त्या वेळचं वेगळंच एक मला फार उशिरा कळलं. ती नोकरीला लागून वर्ष झालं तेव्हा मी तिला भेटायला गेले होते. न कळवता. हातात डबा, अंगात माझा आवडता पिवळाधमक स्वेटर. मी सरळ तिच्या खोलीत शिरले आणि खिडकीपाशी तिच्या शेजारी उभी राहिले. ती दोन तुकडे हातात धरून बघत होती. मी म्हटलं, "किती गं थंड ही खोली, मफलर कुठाय तुझा?" ती म्हणाली, "हो आई, एक मिनिट." तुकडे पुन्हा बघितले आणि कागदावर सही केली. मग आम्ही जेवलो. माझा दिवस छान गेला.

अकरा ताग्यांचा तो लॉट फुकट गेला. धुक्यासारखा करडा हवा होता, निळसर निघाला. माझ्या स्वेटरचा पिवळा त्या दोन्ही तुकड्यांवर पडला होता आणि त्या पिवळ्यात त्यांच्यातला निळा फरक बुडून गेला होता. म्हणून तर करडे कोट असतात. कुणाच्या चुकीने झालं असं मालकांनी विचारल्यावर ती म्हणाली, माझ्या. सगळा लॉट तिने मास्तरांबरोबर रात्री जागून पुन्हा रंगवून घेतला. मला यातलं चार वर्षांनी कळलं, तेही मास्तरांच्या निरोपसमारंभात, त्यांनी थट्टेने सांगितलं म्हणून. "तुमच्या मातोश्री खिडकीपाशी उगवल्या आणि आमचा लॉट मावळला!" सगळे हसले. मी ढगूकडे बघितलं. ती पाण्याचा पेला उजेडात धरून बघत होती.

परतताना बसस्टॉपवर मी म्हटलं, "सांगायचंस ना तेव्हाच, बाजूला हो म्हणून."

"तू इतकी आनंदात उभी होतीस आई."

तिला अजूनही मी कानटोपी पाठवते. ती घालते की नाही ते विचारत नाही. महिन्यातून दोनदा घरी येते, आल्याबरोबर मी गॅलरीत खुर्ची टाकते आणि ती मुकाट्याने उन्हात बसते, डोळ्यांवर रुमाल टाकून. "तू ना आई, सूर्याला जावयासारखी वागवतेस," असं तिचं एक नेहमीचं वाक्य आहे. "तो आला की मला त्याच्यासमोर आणून बसवायचं." ह्यांना ते वाक्य फार आवडतं. ते म्हणतात, "आणि मानपान एवढा करूनही जावई पूर्वेकडून येतो नि पश्चिमेकडून निघून जातो, एक दिवस मुक्कामाला राहत नाही."

गेल्या महिन्यात तिला त्या दूरच्या गावाहून पत्र आलं. उत्तरेकडचं, समुद्राकाठचं गाव, विमानाचा प्रवास. तिथे जुनी कापडं दुरुस्त करणारी एक कार्यशाळा आहे. शे-दोनशे वर्षांपूर्वीचे पडदे, झेंडे, भिंतीवर लावायची विणलेली चित्रं, कुणा सैनिकाचा कोट, कुणा बाळाची टोपी. फाटलेल्या जागी नवा धागा घालायचा, पण तो त्या विटलेल्या धाग्यांत मिसळून गेला पाहिजे. म्हणजे नव्या धाग्याला जुनं व्हायला शिकवायचं. त्यासाठी त्यांना छटा जुळवणारं माणूस हवं होतं. रंगमास्तरांनी निवृत्तीत बसल्या बसल्या तिचं नाव कळवलं होतं.

ती चार दिवस बघायला गेली आणि येताना फोटो घेऊन आली. मी एकेक फोटो बघत होते आणि मला सगळे सारखेच दिसत होते. करडं आभाळ, करडं पाणी, करडे दगड, पायऱ्या.

"सगळं राखाडीच की गं."

"राखाडी?" ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि बोटाने दाखवायला लागली. "हा ओल्या पाटीचा. हा कबुतराच्या मानेचा. हा दुधात शाईचा थेंब पडल्यावर पहिल्या क्षणी दिसतो ना, तो. आणि हा बघ, हा शिशाचा, पण आतून गरम." बोलताना तिचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. "तिथल्या खोलीत उत्तरेकडची अख्खी भिंत काचेची आहे आई. वर्षातले दोनशे दिवस आभाळ झाकलेलं. कापडाला ऊन लागू नये म्हणून एरवी लोक पडदे लावतात. तिथे पडदे लावावेच लागत नाहीत."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "आणि छाती?"

तिचं बोट फोटोवर तसंच राहिलं.

मग सोमवारचा फोन. तिचा नकार ऐकून मी आणखी खोदून विचारलं तेव्हा तिने जे घरी बोलणं टाळलं होतं ते सांगितलं.

"पहिल्या रात्री तिथे छाती भरली होती. शिटी वाजली, लहानपणी वाजायची ना, तशीच. खुर्चीत बसून रात्र काढली."

"कुठे उतरली होतीस?"

"होतं एक जुनाट लॉज. गादी तर इतकी फाटकी, सकाळी उठले तर केसांत कापूस. मालकीणबाई म्हणाली, एका रात्रीत म्हातारी झालीस की. मग पुढच्या रात्री मी कार्यशाळेतल्या एका बाईंकडे झोपले, सोफ्यावर."

"तिथे?"

"तिथे काही नाही झालं. दिवसभर बाहेर हिंडत होते, कान तुटतील असा वारा, तेव्हाही काही नाही. पण ते नशीब म्हणायचं. नेहमी थोडंच नशीब असं वागणार? तू म्हणतेस ते खरं आहे आई. थंडीचा भरवसा नाही."

केसांत कापूस, हे तिने ज्या क्षणी म्हटलं त्या क्षणी मला समोर ह्यांच्या पांढऱ्या भुवया दिसल्या. तोंडात शब्द तयार होते. मी म्हटलं, "बरं. तुला योग्य वाटेल ते कर." आणि फोन ठेवून मी गॅलरीत गेले तेव्हा मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणंच गेले तीन दिवस मला टोचतं आहे.

मी स्वतःला समजावत होते की ह्यांच्यासाठी गप्प राहते. सत्तरीच्या माणसाला आता कुठे सांगायचं की तुमच्या कापसाने पोरीचा श्वास कोंडला होता? गाद्यांचं काम ह्यांनी पुढे घरातून खालच्या एका शेडमध्ये हलवलं, तिथे अजून दोन-तीन तास काम करतात, अजून गुणगुणतात. पण आज जेवताना मला राहवलं नाही. आडून विचारलं.

"अहो, तुम्ही काम घरातून खाली शेडमध्ये का हलवलंत, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? पोरीसाठी. कापूस बाधायचा ना तिला."

मी घास खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी लिहिलं होतं की. तुझं ते रसायनशास्त्राचं जाडं पुस्तक मी खोळीच्या कापडावर वजन म्हणून ठेवायचो, इस्त्री वाचायची. एक दिवस त्यातून चिठ्ठी पडली."

"आणि मला बोलला नाहीत!"

"तू तरी कुठे मला बोलली होतीस? म्हटलं, हिला वाटतंय मी खचेन. वाटू दे बापडीला. शेड शोधली नि हललो."

"आणि ढगूला?"

"ढगूला तू सांगितलं असशील ना, मोठी झाल्यावर." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नाही?"

मी मान हलवली.

"मग ती कानटोपी, मफलर, उन्हातली खुर्ची, इतकी वर्षं..."

"तुम्हाला काय वाटत होतं?"

"मला वाटलं, तुझी हौस. मलाही बसवतेसच की तू उन्हात. मला कुठे दमा आहे?"

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. ह्यांनी ताट उचलून धुतलं, हात पुसले, आणि झोपायला जाताना दारात थांबून म्हणाले, "सकाळी दहाला ना?" आता स्वतःच भरलेल्या गादीवर घोरत पडले आहेत.

म्हणजे माझ्याकडे आता ह्यांचंही कारण उरलं नाही. ते बाजूला केल्यावर खाली काय राहिलं ते मी इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच नाकारता येणार नाही. मला ती दोन तासांवर हवी आहे. महिन्यातून दोनदा, गॅलरीतल्या खुर्चीत, डोळ्यांवर रुमाल टाकून. मला न आवडणाऱ्या आभाळाखाली माझी मुलगी सुखात राहील, माझ्याशिवाय, हे मला बघवत नव्हतं. थंडीचं नाव मी पुढे केलं. थंडीने बिचारीने काही केलेलं नाही.

मधे थोडा डोळा लागला असावा. मी त्या गावात होते. पायऱ्या उतरत होते आणि माझी सावली पडत नव्हती. घाबरून मी ती शोधत होते, मग शोधेनाशी झाले. सगळीकडून सारखा उजेड येत होता, लोकरीसारखा. खाली पाण्याजवळ कुणीतरी पाठमोरं उभं होतं, एक हात पुढे काढून. मी हाक मारणार तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझ्या अंगात पिवळा स्वेटर आहे, आणि मी जिथे होते तिथेच थांबले. जाग आली तेव्हा गाल वहीवर होता.

साडेपाच वाजत आले आहेत. गॅलरीत जाऊन आले. ऊन निघणार नाही आज. आभाळ अगदी खालपर्यंत आलं आहे, पत्र्यावर कबुतरं बसली आहेत की नाही ते नीट कळत नाही. माझ्याच्याने त्याला ओल्या पाटीचा म्हणवेना, पण नुसतं राखाडीही म्हणवेना. बराच वेळ बघत उभी राहिले.

असा दिवस असला की ती सातला खिडकीपाशी हजर असते, उजेड वाया जाऊ नये म्हणून. तिथे फोन कोटाच्या खिशात बंद; आज उघडेल तो दहाच्या आधी नकार कळवायलाच. म्हणजे सहा ते सात. सहाला ती चहा करते.

सांगायचं ते फार नाही. की ती थंडी नव्हती, कापूस होता. की मी खोटं बोलले, आधी तुझ्या बाबांसाठी, मग माझ्यासाठी. की छातीच्या चांगल्या डॉक्टरांना एकदा दाखवून घे आणि जिथे राहशील तिथे गादी बघून खोली घे. जा किंवा जाऊ नको, यातलं एकही मी म्हणणार नाही. ते बघायला तिला माझी गरज नाही. मी फक्त खिडकीपासून बाजूला व्हायचं आहे.

ती रागावेल. रागावू दे. किंवा नेहमीसारखं मलाच सांभाळून घेईल, आणि ते जास्त कठीण जाईल.

आत ह्यांची कूस बदलल्याचा आवाज आला. "लावलास का फोन?" झोपेतच विचारतायत.

सहाला पाच कमी आहेत. ती अजून चहाला उठली नसेल. तरी लावते.